हॉट मेल्ट गोंदातलं मिनरल ऑइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉट मेल्ट बनवणारे, विकत घेणारे आणि लाइनवर रोज वापरणारे लोक तेलाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं फिरून एकाच मुद्द्यापाशी येतात: तेल गोंदात नेमकं कुठे जाऊन बसलं आहे? म्हणून घाई असेल तर प्रश्न ४ आणि ५ आधी वाचा.

१. हॉट मेल्टमध्ये तेल घालतातच कशाला? गोंद चिकट हवा, तेल तर निसरडं असतं.

हॉट मेल्टमध्ये पाणी किंवा सॉल्व्हंट नसतं. पॉलिमर, चिकटपणा देणारं रेझिन, मेण किंवा तेल आणि थोडं अँटिऑक्सिडंट एवढंच वितळवून लावायचं आणि थंड होऊ द्यायचं. अशा मिश्रणात तेल तीन कामं करतं. वितळलेला गोंद पातळ होतो, त्यामुळे तो नोझलमधून नीट वाहतो. थंड झालेला गोंद मऊ राहतो, म्हणून हलक्या दाबानेही पृष्ठभागावर पसरून बसतो. आणि थंडीत तो ठिसूळ होत नाही. निसरडेपणा जाणवतो तो तेल वेगळं होऊन पृष्ठभागावर आल्यावर. पॉलिमरच्या, म्हणजे इथल्या रबराच्या, साखळ्यांमध्ये विरघळलेलं तेल हाताला लागतही नाही.

२. सगळ्या हॉट मेल्टना मिनरल ऑइल चालतं का?

नाही. एसआयएस, एसबीएस, एसईबीएस हे स्टायरीनचे ब्लॉक कोपॉलिमर त्याचं खरं घर. टेप, लेबल, डायपर, सॅनिटरी पॅड यांचे गोंद याच घराण्यातले. अमॉर्फस पॉलिओलेफिन आणि मेटॅलोसीन पॉलिओलेफिनलाही ते चांगलं मानवतं. ईव्हीए, म्हणजे एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट, या पॉलिमरमध्ये मर्यादित चालतं. व्हिनाइल ॲसिटेटचं प्रमाण जितकं जास्त तितका पॉलिमर ध्रुवीय आणि तितकं तेल परकं. पॉलिअमाइडमध्ये ते मिसळतच नाही, तिथे सल्फोनामाइड प्रकारचे प्लास्टिसायझर लागतात.

३. पॅराफिनिक, नॅफ्थेनिक आणि ॲरोमॅटिक यांत फरक काय?

तिन्ही क्रूडपासूनच येतात, फरक रेणूंच्या आकारात आहे. पॅराफिनिक तेलात सरळ आणि फांद्या फुटलेल्या साखळ्या जास्त. ते उडून कमी जातं, उष्णतेला आणि उजेडाला टिकतं; पण विद्रावकशक्ती कमी असते आणि थंडीत त्यातलं मेण गोठायला लागतं. नॅफ्थेनिक तेलात संपृक्त कडी असलेले रेणू जास्त. त्यात मेण जवळजवळ नसतं, त्यामुळे ते कडाक्याच्या थंडीतही वाहतं आणि रबरात सहज विरघळतं. ॲरोमॅटिक तेलात बेंझीनसारखी कडी जास्त. विद्रावकशक्ती सर्वांत जबर, पण रंग गडद, उजेडात पिवळं पडणारं आणि आरोग्याच्या दृष्टीने अडचणीचं. हॉट मेल्टमध्ये त्याला जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कारण फक्त आरोग्याचं नाही, पुढच्या उत्तरात तेही येतं.

व्हाइट ऑइल ही चौथी जात नव्हे. पॅराफिनिक किंवा नॅफ्थेनिक तेलच हायड्रोजन देऊन इतकं शुद्ध केलेलं असतं की ॲरोमॅटिक भाग जवळपास संपतो आणि तेल पाण्यासारखं स्वच्छ दिसतं.

४. “तेल कुठे जातं” असं सारखं म्हटलं जातं. म्हणजे नेमकं काय?

एसआयएसचा रेणू डोळ्यांसमोर आणा: मध्ये पॉलिआयसोप्रीनची लांब मऊ साखळी, दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीनचे कडक तुकडे. हे दोन भाग एकमेकांत मिसळत नाहीत. थंड होताना स्टायरीनची टोकं एकत्र येऊन अतिसूक्ष्म कडक गोळ्या तयार करतात आणि मऊ साखळ्या त्या गोळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. गोंदाची ताकद म्हणजे या गाठी. गरम केलं की पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं, आणखी तापवलं की गोंद वाहतो; थंड केलं की गाठी पुन्हा बसतात.

तेलाने या मऊ भागात जावं, गाठींत शिरू नये. नॅफ्थेनिक आणि पॅराफिनिक तेलाचा स्वभाव पॉलिआयसोप्रीनच्या जवळचा आहे, त्यामुळे ते तिथेच रमतं. ॲरोमॅटिक तेलाची रचना पॉलिस्टायरीनशी मिळतीजुळती, म्हणून ते गाठींतही शिरतं आणि त्यांना मऊ करतं. असा गोंद सकाळी हाताला उत्तम चिकट लागतो. दुपारच्या उन्हात उभ्या पृष्ठभागावरची टेप मात्र वजनाने हळूहळू घसरते.

उलट टोकाला, मऊ भागालाही न मानवणारं तेल घेतलं तर ते कुठेच नीट बसत नाही आणि बाहेर पडतं. एसईबीएसचा मधला भाग संपृक्त आहे, त्याला पॅराफिनिक व्हाइट ऑइल फार मानवतं. तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट तेल धरून जेली बनवू शकतो. एसआयएसला नॅफ्थेनिक अधिक जवळचं.

५. रेझिन वाढवलं तरी गोंद मऊ होतो. मग तेल वेगळं काय करतं?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून आकड्यांनी सांगतो.

रबर १ भाग, रेझिन २ भाग असं मिश्रण घ्या. मधल्या रबराचं काचबिंदू तापमान, म्हणजे ज्याखाली पदार्थ काचेसारखा कडक होतो ते, उणे ६० अंश. रेझिनचं ४५ अंश. तेलाचं उणे ६५ अंश धरा. फॉक्सच्या समीकरणाने मिश्रणाचं काचबिंदू तापमान सुमारे ० अंश येतं. आता एक भाग रेझिन आणखी घाला: ते सुमारे १० अंशांवर चढतं. त्याऐवजी एक भाग तेल घाला: ते सुमारे उणे २० अंशांवर उतरतं.

दोन्ही वेळा रबराचा वाटा मात्र एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर आला. रबराच्या जाळ्याचा ताठपणा साधारण या वाट्याच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून दोन्हीकडे तो मूळच्या जेमतेम ५६ टक्के उरतो. रेझिन आणि तेल, दोघंही रबर सारखंच विरळ करतात. पण रेझिन काचबिंदू वर नेतं आणि तेल खाली आणतं. गोंद बनवणाऱ्याच्या हातात या दोन दोऱ्या आहेत.

दाबसंवेदी गोंदासाठी ताठपणाची एक प्रसिद्ध मर्यादा आहे. थ्रीएमचे कार्ल डाल्क्विस्ट यांनी दाखवलं की एका सेकंदाच्या मापनात ताठपणा साधारण ३ लाख पास्कलच्या खाली असेल तरच गोंद नुसत्या स्पर्शाने पकड घेतो. रेझिनने ती मर्यादा गाठली आणि काचबिंदू फार वर गेला, तर टेप सोलताना टकटक आवाज करत झटक्यांनी निघते. तेलानेच सगळं काम करू पाहिलं तर गोंद चिकट लागतो, पण जोर धरत नाही. हे हिशोब अंदाजाचे आहेत. तापमान बदलत ताठपणा मोजणाऱ्या डीएमए यंत्रावर येणारा आकडा काही अंश वर दिसतो. दिशा मात्र चुकत नाही.

६. मग तेल किती टक्के घालावं?

डायपरच्या बांधणीच्या गोंदात साधारण १५ ते २५ टक्के, लेबलच्या गोंदात १० ते २० टक्के, जास्त ओझं पेलणाऱ्या टेपमध्ये त्याहून कमी. तेल बहुतेकदा यादीतला सर्वांत स्वस्त घटक असतो आणि तिथेच मोह होतो. २ टक्के वाढवले तर सोलण्याच्या चाचणीत काहीच कळत नाही, कधी चिकटपणा वाढलेलाही दिसतो. नुकसान दिसतं ते शिअरच्या चाचणीत, म्हणजे वजन टांगून ठेवल्यावर आणि तापमान चढवत नेल्यावर. तेल वाढवायचं असेल तर या दोन चाचण्या केल्याशिवाय वाढवू नका.

७. मेण घालू की तेल?

मेण थंड होताना स्फटिक बनतं, म्हणून गोंद पटकन बसतो आणि वर चिकट राहत नाही. खोकी बंद करायला तेच हवं. तेल गोठत नाही, उघडा वेळ (गोंद लावल्यावर जोडणी करता येते तो अवधी) वाढवतं, चिकटपणा टिकवतं. दोन्ही एकत्र वापरणारी सूत्रंही असतात, पण मेण फार झालं की ते थंड होताना तेलाला बाहेर ढकलतं.

८. तेलाच्या डेटाशीटवर काय बघायचं?

आधी ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो. टाकी १६० ते १७५ अंशांवर चालणार असेल तर ओपन कप पद्धतीने तो २०० अंशांच्या वरच हवा. मग स्निग्धता: ४० अंशांवर १०० सेंटिस्टोकच्या आसपासची तेलं या कामात सर्रास वापरली जातात. पातळ तेल मऊ जास्त करतं, पण उडतंही जास्त आणि सरकतंही लवकर. नोअॅक चाचणीत २५० अंशांवर तासाभरात किती टक्के उडालं ते दिलेलं असतं. दोन तेलांत निवड करताना मी हा आकडा आधी बघतो.

विद्रावकशक्ती कळते ॲनिलिन बिंदूवरून, म्हणजे तेल ॲनिलिन या द्रवात पूर्ण मिसळतं त्या तापमानावरून. आकडा जितका कमी तितकी ती जास्त. पॅराफिनिक तेलांचा तो बहुधा १०० अंशांच्या वर, नॅफ्थेनिकचा त्याखाली. एएसटीएम डी २१४० प्रमाणे ॲरोमॅटिक, नॅफ्थेनिक आणि पॅराफिनिक कार्बनची टक्केवारीही दिलेली असते. पोअर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापर्यंत तेल वाहतं तो, थंड गोदामासाठी महत्त्वाचा. ‘नॅफ्थेनिक’ एवढ्या शब्दावर विसंबू नका, आकडे मागा.

९. ट्रान्सफॉर्मर ऑइल नॅफ्थेनिकच असतं ना? ते किंवा जुनं इंजिन ऑइल चालेल का?

दोन्ही वापरू नका. ट्रान्सफॉर्मर तेल बहुतेकदा नॅफ्थेनिक असतं हे खरं, पण ते उष्णता वाहून नेण्यासाठी मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. आयईसी ६०२९६ या मानकात ४० अंशांवर स्निग्धता जास्तीत जास्त १२ सेंटिस्टोक आणि ज्वलनांक किमान १३५ अंश आहे. तुमची टाकी १६० अंशांवर चालते. म्हणजे ठिणगी पडली तर पेट घेईल इतकी वाफ टाकीच्या तोंडाशी सतत जमत राहणार. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेल्या तेलात पीसीबी ही विषारी क्लोरीनयुक्त संयुगं असण्याचीही शक्यता असते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूचे कण, जळालेल्या इंधनाचे अवशेष आणि बहुचक्री ॲरोमॅटिक संयुगं साठलेली असतात. यात वाचणारे पैसे कुणाच्या तरी हातावर आणि फुप्फुसात वसूल होतात.

१०. लेबलवर काही आठवड्यांनी तेलकट डाग आला. गोंद खराब होता का?

असेलच असं नाही. तेल बाहेर पडण्याची निरनिराळी कारणं आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

तेल पॉलिमरला मानवतच नसेल तर ते लेबलशिवायही सुटतं. गोंदाचा तुकडा सिलिकॉनच्या कागदावर ठेवून बघा. पृष्ठभाग ओलसर झाला तर दोष सूत्राचा. थंडीत सुटलं आणि उबेत परत गेलं तर पॅराफिनिक तेलाची विद्राव्यता कमी पडली असा संशय घ्या.

गोंद एकटा असताना कोरडा, पण कागदावर डाग पडतो, तर कागद तेल ओढतो आहे. गोंदात तेलाचं प्रमाण जास्त, कागदात शून्य. तेल आपोआप सरकणारच. इथे तेल मानवणारं असूनही उपयोग नसतो. तेल कमी करणं, जास्त स्निग्धतेचं म्हणजे मोठ्या रेणूंचं तेल घेणं, किंवा कागदाला अडसर देणारा थर लावणं हे उपाय. थर्मल कागदावर तर डागाआधीच छपाई बिघडू शकते, म्हणून त्या कागदासाठी गोंद निवडताना उबेत ठेवून पाहण्याची चाचणी टाळू नका.

रोलच्या कडेला गोंदाची कड बाहेर आली असेल तर ते तेल सुटणं नसून अख्खा गोंदच दाबाखाली वाहणं आहे. तिथे कमी पडतो तो गाठींचा जोर (प्रश्न ४).

११. पातळ पॉलिएथिलिन फिल्म गोंदाच्या रेषेवर सुरकुतते. का?

फिल्म तेल पिऊन फुगते. आजूबाजूचा भाग फुगत नाही, म्हणून तेवढाच पट्टा वळवळतो. गोंदाची उष्णता आणि फिल्मची जाडी यांचाही हात असतो. लावण्याच्या काही मिनिटांत दिसली तर उष्णता, काही दिवसांनी दिसली तर तेल. नैसर्गिक रबराचे इलॅस्टिक धागेही तेलाने फुगून ढिले पडतात.

१२. आमच्या गोंदात तेल अगदी कमी आहे, तरी मऊ पीव्हीसीवर तो महिन्याभरात चिखलासारखा होतो.

इथे प्रवास उलटा आहे. मऊ पीव्हीसीमध्ये थॅलेटसारखे प्लास्टिसायझर भरपूर असतात, ते गोंदात येतात. ते मिनरल ऑइलपेक्षा ध्रुवीय असल्याने स्टायरीनच्या गाठींत शिरतात. तेल शून्यावर आणूनही हे थांबणार नाही. पीव्हीसीसाठी वेगळ्या जातीचा गोंदच लागतो.

१३. बॅचमध्ये तेल केव्हा घालायचं?

यंत्रावर अवलंबून आहे. सिग्मा ब्लेडच्या नीडरमध्ये (घट्ट मिश्रण मळणाऱ्या यंत्रात) आधी पॉलिमर, अँटिऑक्सिडंट आणि तेलाचा थोडाच भाग. रबर नीट मळलं गेलं की रेझिन टप्प्याटप्प्याने, उरलेलं तेल शेवटी. सगळं तेल सुरुवातीला ओतलं तर पाती घसरतात, मळणारा जोर मिळत नाही आणि रबराच्या गाठी तेलात तरंगत राहतात. उभ्या ढवळणीच्या टाकीत मात्र नेमकं उलट: आधी तेल गरम करायचं, मग पॉलिमर हळूहळू सोडायचा आणि विरघळू द्यायचा, रेझिन नंतर. ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये तेल पंपाने मधल्या भागांत सोडतात.

ड्रम उघड्यावर राहून तेलात पाणी शिरलं असेल तर १०० अंशांच्या पुढे फेस येऊन टाकी उतू जाते. गरम गोंदाने भाजलेली त्वचा लवकर भरत नाही. तेल कोरडं असल्याची खात्री करूनच सोडा आणि टाकी काठोकाठ भरू नका.

१४. टाकीत राहून गोंद पातळ होतो, कधी उलट घट्ट होतो. तेलाचा दोष आहे का?

बहुधा पॉलिमरचा. एसआयएसच्या साखळ्या उष्णता आणि हवेने तुटतात, म्हणून गोंद पातळ होत जातो. एसबीएसच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, म्हणून तो घट्ट होऊन जेलच्या गुठळ्या धरतो. तेल उडून गेलं तरी गोंद घट्ट होतो. तेव्हा झाकणावर आणि धुराड्यात तेलकट थर सापडतो. अँटिऑक्सिडंट, नायट्रोजनचं आवरण आणि सुट्टीच्या वेळी टाकीचं तापमान खाली आणणं, हे तिन्ही उपाय दोन्ही दुखण्यांवर चालतात.

१५. आम्ही ऑइल-एक्स्टेंडेड पॉलिमर घेतो. तेलाचा हिशोब कसा?

त्यातलं तेल मोजा. पॉलिमरमध्ये ३३ टक्के तेल असेल आणि तुम्ही तो ३० टक्के घातला, तर खरं रबर जेमतेम २० टक्के आणि तेल जवळपास १० टक्के आधीच आत आलं. सूत्रावर ‘पॉलिमर ३०’ असं लिहून वर आणखी १५ टक्के तेल घालणारे लोक नंतर शिअर कमी आल्याचं विचारतात. त्या आतल्या तेलाची जातही विचारून घ्या.

१६. अन्नाच्या पॅकिंगमध्ये मिनरल ऑइल असलेला गोंद चालतो का?

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. २०१० च्या सुमारास झ्युरिक कँटनच्या अन्ननियंत्रण प्रयोगशाळेत कोनी ग्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पुनर्वापराच्या पुठ्ठ्यातून, मुख्यतः वर्तमानपत्राच्या शाईचं, मिनरल ऑइल कोरड्या खाद्यपदार्थांत जातं. तेव्हापासून पॅकिंगमधल्या प्रत्येक घटकाकडे या नजरेने पाहिलं जातं, गोंदाकडेही.

मोजताना दोन गट करतात. मोश म्हणजे संपृक्त हायड्रोकार्बन, मोआ म्हणजे ॲरोमॅटिक. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये दोन्हींबद्दल चिंता मांडली होती. २०२३ च्या फेरआढाव्यात आहारातून येणाऱ्या मोशबद्दल आरोग्याची चिंता नाही असं म्हटलं, पण तीन किंवा अधिक कडी असलेल्या मोआमध्ये जनुकांना इजा करणारी, कर्करोगकारक संयुगं असू शकतात ही चिंता कायम ठेवली. म्हणून अन्नाच्या कामात तेल वापरायचंच तर अन्नश्रेणीचं व्हाइट ऑइल. त्यात मोआ नगण्य असतो. मोश मात्र राहतोच, कारण व्हाइट ऑइल म्हणजे मोशच.

गोंद अन्नाला चिकटलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. साधारण २४ कार्बनपर्यंतचे रेणू खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन प्रवास करतात. पॉलिएथिलिनची आतली पिशवी त्यांना फारसं अडवत नाही. पीईटी किंवा ॲल्युमिनियमचा थर अडवतो. जड, कमी उडणारं तेल इथेही उपयोगी. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, माल जिथे विकला जाणार तिथला नियम बघून पुरवठादाराकडून लेखी घोषणापत्र घ्या.

१७. आमच्या गोंदात तेलाचा थेंबही नाही, तरी अहवालात मोश आला. प्रयोगशाळा चुकली का?

चुकली असेलच असं नाही. चाचणी ‘मिनरल ऑइल’ ओळखत नाही, ठरावीक आकाराचे संपृक्त हायड्रोकार्बन मोजते. मेण, पॉलिओलेफिनचे छोटे तुकडे आणि हायड्रोजन दिलेल्या हायड्रोकार्बन रेझिनचे लहान रेणूही त्याच जागी दिसतात. प्रयोगशाळेला गोंदाचे घटक वेगवेगळे पाठवा आणि क्रोमॅटोग्रामची आकृती मागा; उंचवट्याच्या ठेवणीवरून जाणकाराला बरंच कळतं. नुसता आकडा घेऊन ग्राहकाशी वाद घालायला जाऊ नका.

१८. त्वचेला लागणाऱ्या वस्तूंसाठी काय बघायचं?

बहुचक्री ॲरोमॅटिक संयुगं. युरोपच्या रीच या रसायनविषयक नियमांत, २७ डिसेंबर २०१५ पासून, त्वचेच्या संपर्कात दीर्घकाळ किंवा वारंवार येणाऱ्या रबर-प्लास्टिकच्या भागांत आठ ठरावीक संयुगांपैकी प्रत्येकासाठी किलोमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, खेळण्यांसाठी ०.५. तेलासाठी आयपी ३४६ ही चाचणी विचारा: तेलातून विद्रावकाने काढलेला बहुचक्री ॲरोमॅटिक संयुगांचा अर्क ३ टक्क्यांच्या खाली नसेल तर ते तेल युरोपात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत होतं. डायपरसारख्या वस्तूंसाठी मी ३ टक्क्यांची सीमा गाठणाऱ्या तेलावर थांबणार नाही, व्हाइट ऑइलच घेईन.

१९. मिनरल ऑइल टाळायचं असेल तर पर्याय कोणते? खाद्यतेल चालेल?

कमी रेणुभाराचं पॉलिब्यूटीन सरकतं कमी, पण मऊही कमी करतं आणि महाग पडतं. द्रव रेझिन चिकटपणा वाढवतं, पण काचबिंदू तितका खाली नेत नाही. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या तेलात मोआ नसतो, पण ते पॅराफिनिक स्वभावाचं आणि अहवालात मोश म्हणूनच दिसणारं. बेंझोएट आणि सायट्रेट एस्टर ध्रुवीय पॉलिमरसाठी ठीक. स्टायरीनच्या कुटुंबात ते गाठी मऊ करण्याचा धोका आहे. खाद्यतेलात असंपृक्त बंध असतात. १६० अंशांच्या टाकीत ते हवेशी जुळून काळवंडतं, खवट वास येतो आणि गोंद घट्ट होतो.

२०. दुसऱ्याच्या गोंदात किती तेल आहे हे मोजता येईल का?

अंदाजे, हो. इन्फ्रारेडवर तेल आणि हायड्रोकार्बन रेझिन एकमेकांत मिसळून दिसतात, तिथे वेळ घालवू नका. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जीपीसीमध्ये पॉलिमर वेगळा काढता येतो. तेल आणि रेझिन जवळजवळ येतात, पण तेलाचे रेणू लहान असल्याने शिखर ओळखता येतं. तापवत नेऊन वजनातली घट मोजणाऱ्या टीजीएमध्ये तेल पॉलिमरच्या आधी उडतं, फक्त हलकं रेझिनही सोबत निघतं. दोन पद्धतींचे आकडे जुळले तरच विश्वास ठेवा. आणि सूत्राची नक्कल करायची असेल तर टक्केवारीइतकीच तेलाची जात शोधा, कारण तेवढ्याच टक्क्यांत दुसरं तेल घातलं की तो गोंद दुसराच होतो (प्रश्न ३ आणि ४).